‘गाडी फिरली’ की ‘गाडी फिरवली’? : वाहनरसिकांच्या अनुभवकथनाचा एक विचार

वेगवान मोटारगाड्यांचे रसिक आपल्या गाड्यांविषयी जे लिहितात, त्याची गणना आपण सहसा वाङ्मयात करीत नाही. तथापि त्या लेखनात अनुभव आणि मत यांची जी सरमिसळ आढळते, ती भाषेच्या अभ्यासकाने उपेक्षावी अशी खास नाही. प्रस्तुत विवेचनासाठी पोर्शे ९११ या जर्मन गाडीचे उदाहरण घेतो. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली.

या गाडीचे इंजिन मागील आसाच्याही मागे असते. चालक वळणात वेगाने शिरला आणि भ्याल्यामुळे त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय एकाएकी उचलला, की भार पुढच्या चाकांकडे सरकतो, मागच्या चाकांची पकड सुटते, आणि मागील जड भाग बाहेर फेकला जाऊन गाडी गर्रकन फिरते. जुन्या ९११ च्या आठवणींत हा प्रसंग वारंवार भेटतो. इंग्रजीत त्याला ‘लिफ्ट-ऑफ ओव्हरस्टिअर’ म्हणतात. या नामात पाय उचलण्याची क्रिया आहे; पाय कोणाचा, हे मात्र नाही. कर्ता लोपला आहे.

इंग्रजीतील ‘टर्न’ आणि ‘स्पिन’ हे धातू एकाच रूपाने अकर्मकही असतात आणि सकर्मकही. मराठीत तसे नाही. ‘वळणे’ आणि ‘वळवणे’, ‘फिरणे’ आणि ‘फिरवणे’ अशी रूपे वेगळी असल्यामुळे बोलणाऱ्यास प्रत्येक वेळी निवड करावी लागते. ही कसोटी रसिकांच्या कथनांस लावून पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. वळण साधले, तर भाव ‘मी गाडी वळवली’ असा असतो. गाडी रस्त्याबाहेर गेली, तर तो ‘गाडी फिरली’ असा होतो. यशाला कर्ता आहे, अपयशाला नाही.

यावर, दोष सर्वस्वी चालकाचाच होता, असे म्हणून विषय मिटविणेही न्याय्य नव्हे. १९६९ च्या मॉडेलसाठी पोर्शेने इंजिन जागच्या जागी ठेवून मागील चाके ५७ मिलिमीटर मागे नेली. पुढच्या व मागच्या आसांतील अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर झाले. गाडी अधिक स्थिर व्हावी, हाच यातील हेतू होता. म्हणजे ‘गाडी फिरली’ या वाक्यातही सत्याचा अंश होता.

मराठीत या दोहोंमधला एक तिसरा प्रयोग आहे : ‘माझ्या हातून गाडी फिरली’. येथे क्रिया अकर्मकच राहते, परंतु जिच्या हातून ती घडली ती व्यक्ती वाक्यात उभी असते. हेतू नाकारला जातो, संबंध नाकारला जात नाही. वेग किती होता, रस्ता ओला होता की कोरडा, पाय केव्हा उचलला, हे सांगणारे कथन मुळात याच प्रयोगाचे असते, मग ते कोणत्याही भाषेत असो. दुसऱ्या चालकाला उपयोगी पडणारे ज्ञान अशाच कथनातून मिळते.

मताची जात निराळी आहे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या ९११ चे उत्पादन १९९८ मध्ये संपले आणि पाण्याने थंड होणारे इंजिन रूढ झाले. धूर व आवाज यांविषयीचे कडक नियम हे त्याचे एक प्रमुख कारण होते. गाडीचा आत्मा गेला, असा विलाप अनेक रसिकांनी केला. ती हळहळ खोटी नव्हती. जुन्या इंजिनाचा खरखरीत स्वर खरोखरच नाहीसा झाला होता. परंतु ‘मला तो स्वर ऐकू येत नाही’ हे अनुभवाचे वाक्य आहे. ‘ही खरी ९११ नव्हे’ हा निर्णय आहे. पहिल्यातला ‘मला’ गाळला, की दुसरे वाक्य सिद्धान्तासारखे भासू लागते.

आपले साहित्यसमीक्षकही कलाकृतीविषयी लिहिताना हा ‘मला’ किती सहज गाळतात, याचा विचार विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. वाहनरसिकाच्या चुकीला निदान रस्त्याचा कठडा तरी साक्षी असतो. आमच्या चुकीला तोही नसतो. म्हणून ‘माझ्या हातून’ हे शब्द उच्चारण्याची जबाबदारी आम्हांवर अधिक आहे.