राज्यव्यवहाराची भाषा : शब्द आणि वाक्य

राज्यकारभाराच्या भाषेचा विचार आपल्याकडे बहुधा कोशापाशी सुरू होतो आणि कोशापाशीच संपतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'राजव्यवहारकोशा'ने दहा वर्गांत फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. १९३१ साली बडोद्यास 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला. १९६२ साली महाराष्ट्र राज्याचा 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला व त्याच्या वाट्यास पुष्कळ उपहासही आला. या उद्योगांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि कारभाराचा स्वभाव त्याच्या शब्दांत नव्हे, वाक्यांत प्रकट होतो, असे आम्हांस वाटते.

राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना गेलेले शिवकालीन पत्र पाहावे. पागेचा दाणागोटा व गवत पावसाळाभर पुरवून वापरावे, एवढाच त्यातील मुख्य हुकूम. परंतु लिहिणारा तेथे थांबत नाही. आज उधळाल तर पुढे मिळणार नाही. घोडी मरतील, व ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्यांचे दाणे, भाकरी, लाकूडफाटा ओढून आणू लागाल. ते उपाशी मरतील, परागंदा होतील, आणि त्यांना तुमच्याहून मोगल बरे वाटतील. रात्री उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल व गवत जळेल, इथवर त्याची दृष्टी पोचते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही (सुमारे १७१५) हीच रीत आहे. आरमारासाठी रयतेचे आंबेफणस तोडू नयेत. कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन मग तोडावे. कोश होऊन गेल्यावरही येथे हवालदार, सबनीस हे जुने शब्द सुखाने नांदत आहेत. त्यांनी अर्थास कोठेही बाध आणलेला नाही.

आता आजच्या कचेरीतील वाक्य घ्यावे : 'सबब, सदर प्रकरणी नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.' यातील प्रत्येक शब्द शुद्ध आहे. परंतु कार्यवाही कोणी करावयाची, कोणती व का, हे मात्र कळत नाही. यावर कोणी म्हणेल की, कर्ता लोपला तो व्यक्तीपेक्षा पद मोठे म्हणून. सत्ता एका माणसाच्या मर्जीवर राहू नये हाच आधुनिक नोकरशाहीचा हेतू. हा आक्षेप आम्ही सर्वस्वी अमान्य करीत नाही. राजाच्या मर्जीपेक्षा नियम केव्हाही बरा. परंतु व्यक्ती लोपली म्हणून कारणही लोपावे, असे कोठे आहे? नियमाच्या राज्यात तर कारण सांगण्याची जबाबदारी वाढते. कारण कळले तरच प्रजेस दाद मागता येते. आणि हाताखालच्या कारकुनासही, हुकुमात न लिहिलेला प्रसंग आला असता, स्वतःची बुद्धी चालविता येते.

म्हणून शासकीय मराठीचे परीक्षण करणाऱ्यांनी प्रतिशब्दांची यादी क्षणभर बाजूस ठेवून एवढेच विचारावे : ज्याच्यावर हा हुकूम बजावायचा, त्याचे घर, शेत, झाड लिहिणाऱ्यास दिसले होते काय?