‘झोंबी’ वाचून काय शिजवायचं?

आज बोलायचं आहे ते एका कादंबरीबद्दल आणि तिच्यावरून केलेल्या एका जेवणाबद्दल. त्या जेवणात आमची चूक झाली. ती आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

शिरोळात आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा, सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून, एकत्र बसतो. आनंद यादवांची ‘झोंबी’ घेतली तेव्हा कुणीतरी सुचवलं, या वेळी पुस्तकातलं जेवण करूया. प्रत्येकानं घरून काहीतरी आणायचं ठरलं. जोंधळ्याची भाकरी आली, पिठलं आलं, हिरव्या मिरचीचा खर्डा, आंबील, ढेप फोडून वाटीत ठेवलेला गूळ. एका उत्साही सभासदानं तांबडा-पांढरा रस्साही आणला. कादंबरी कागलची, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातली, एवढाच त्याचा आधार! ताट फार देखणं दिसलं. फोटो निघाले. जेवणं झाल्यावर, इतका वेळ गप्प बसलेल्या आमच्यातल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, “असं ताट त्या पोराच्या पुढ्यात रोज आलं असतं, तर एवढं जाड पुस्तक झालं असतं का?”

आम्हाला उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आता, काही कादंबऱ्या स्वयंपाकाला बोलावतातच. मेक्सिकोच्या लॉरा एस्किवेल यांची ‘लाईक वॉटर फॉर चॉकलेट’ ही १९८९ची कादंबरी घ्या. बारा महिने, बारा प्रकरणं आणि प्रत्येक प्रकरणाला एक पाककृती. धाकट्या मुलीनं लग्न न करता आईची सेवा करायची, असा त्या घरातला रिवाज. नायिकेला जे बोलता येत नाही ते ती पदार्थात घालते. तिथे पदार्थ करून बघणं म्हणजे पुस्तक वाचणंच झालं.

‘झोंबी’चं तसं नाही. १९८७ साली आलेली आणि १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ही आत्मचरित्रात्मक कादंबरी. शाळेत जायला तळमळणारा मुलगा आणि त्याला शेतात जुंपणारा बाप. यात पदार्थ शोधायला गेलं की आपण चुकतो. खाणं कुठे आहे यापेक्षा खाण्यामागचं काम कुठे आहे ते बघायला पाहिजे.

गुळाचंच बघा. आमच्या ताटात तो वाटीत होता, तोंड गोड करायला. कादंबरीत मुलाचा बाप आपलं गुऱ्हाळ गावात सगळ्यांच्या आधी सुरू करतो. ऊसवाल्या आपल्या तालुक्याला हे समजावून सांगायला नको. ऊस रानात जास्त दिवस उभा राहिला की रस दाट होतो, गूळ जास्त उतरतो. म्हणून बाकीचे थांबतात. बापाचा हिशेब वेगळा. सगळ्यांचा गूळ बाजारात यायच्या आत आपला गेला तर भाव चांगला. म्हणजे हा गूळ वाटीत ठेवायचा नाही, तो पट्टीचा आहे, रोख पैशाचा आहे. त्यात बापाचा उतावळेपणा आहे आणि पोराची राबणूकही. ही गोष्ट आम्ही वाचली होती. जेवताना एकालाही आठवली नाही.

दुसरी जागा तर आणखी बोलकी. गुऱ्हाळ संपल्यावर मुलगा आईजवळ शाळेचा विषय काढतो तेव्हा आई काय करत असते? उन्हात शेणी लावत असते, आणि तो तिला पाणी आणून देत असतो. उद्याच्या चुलीचं जळण तयार होतंय आणि त्याच वेळी शाळेचा बेत शिजतोय. बापाची परवानगी मिळते तीही अटींवर. सकाळी अकरापर्यंत रानात पाणी पाजायचं, तिथून शाळेत जायचं, सुटल्यावर गुरं चारायची. आमच्यातले निम्मे सभासद नोकरदार. त्या दिवशीचं पिठलं गॅसवर झालं होतं. गॅसवर करू नये असं आमचं म्हणणं नाही, पण शेणी विसरून पिठलं तेवढं ‘कादंबरीतलं’ म्हणणं हे वाचन कच्चं.

पाककृती आणि कादंबरी यांची मापंच वेगळी असतात. सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० साली वाटी-चमच्याचं माप दिलं आणि हजारो घरांतल्या नव्या सुनांची, परगावी एकट्या राहणाऱ्या पोरांची सोय झाली. तिथे चौघांसाठी अमुक वाट्या पीठ हे बरोबर आहे. ‘झोंबी’सारख्या पुस्तकात माप उलटं. पीठ किती आहे ते आधी ठरलेलं, खाणारी तोंडं नंतर मोजायची. हे माप ताटात कसं दाखवणार?

तरीही आमचा उद्योग अगदीच वाया गेला असं नाही. एका तरुण सभासदानं जन्मात पहिल्यांदा भाकरी बडवायला घेतली. पीठ जुनं होतं, विरी गेलेली. भाकरी काठवटीतच चिरली, तव्यावर टाकताना दोन तुकडे झाले. “आई रोज पंधरा करायची,” एवढंच तो म्हणाला. आमच्या मते त्या संध्याकाळचं खरं समीक्षण तेवढंच. रश्श्याचं कौतुक मात्र आम्ही अर्धा तास केलं!

त्या वयस्कर बाईंचं बोलणं तिथे संपलं नव्हतं. २०१९च्या ऑगस्टमधला महापूर इथे बसलेल्या कुणाला सांगायला नको. कृष्णा-पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, कणगीतलं धान्य भिजून त्याला मोड आले, आणि ज्यांनी आयुष्यभर दारी आलेल्याला भाकरी दिली ती माणसं ताटली घेऊन रांगेत उभी राहिली. या बाई त्या रांगेत होत्या. जेवण चांगलं होतं, वाढणारी माणसंही भली होती, असं त्यांनीच सांगितलं. मग म्हणाल्या, “पण उद्या कुणी त्यावर पुस्तक लिहिलं आणि तुम्ही हौसेनं छावणीतला भात करून फोटो काढलात, तर मी यायची नाही.”

आम्ही ‘झोंबी’वर दोन तास चर्चा केली होती. त्यात भुकेवर बोललो, दारिद्र्यावर बोललो. पण लेखकाच्या घरातलं कुणी आमच्या पंक्तीला बसलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, हे कुणी विचारलं नव्हतं. यादव आता नाहीत, २०१६ साली गेले. पण तशा घरातून आलेली माणसं आमच्याच बैठकीत होती.

पुढच्या महिन्यात यादवांचीच ‘गोतावळा’ घ्यायची आहे, १९७१ची. नारबा हा सालगडी, त्याचा जीव मालकाच्या जनावरांत, आणि मग मळ्यावर ट्रॅक्टर येतो. जेवण करायचं की नाही यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, गड्याची भाकरी मालकाच्या चुलीवर भाजली जाते, तेव्हा ती आपण कुणाच्या घरी भाजायची ते आधी ठरवा. दुसरा पक्ष म्हणतो, चहा पुरे. रस्सा आणणाऱ्यानं विचारलंय, वैरण चालेल का. त्याला बाईंनी हसून मान डोलावली.