दोस्तांनी सांगितलेला चार्ली पॅटन

मंडळी, आत्ता वाजलं ते चार्ली पॅटनचं ‘पोनी ब्लूज’. १४ जून १९२९ला इंडियाना राज्यातल्या रिचमंडमध्ये त्यानं एका दिवसात चौदा गाणी रेकॉर्ड केली, त्यातलं हे. रेकॉर्ड खरखरते, शब्द नीट लागत नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, “हा गातोय की भांडतोय?” हसू नका. पॅटनच्या दोस्तांनाही त्याचं गाणं गंभीरपणे घ्यावं का, असा प्रश्न पडलाच होता. दोस्तांनी सांगितलेला पॅटन आणि रेकॉर्डवरचा पॅटन, यांत विश्वास कुणावर ठेवायचा, एवढाच माझा आजचा विषय आहे.

थोडी ओळख करून देतो. मिसिसिपी डेल्टा म्हणजे सपाट, कापसाचा मुलूख. काळी माणसं गोऱ्या मालकांच्या मळ्यांवर बटाईनं राबायची. डॉकरी हा तसलाच एक मळा. पॅटन तिथं वाढला, गिटार तिथंच शिकला. २८ एप्रिल १९३४ला गेला, चाळिशीच्या आसपास. त्याची मुलाखत कुणी घेतली नाही. पुढं तीसेक वर्षांनी रेकॉर्ड जमवणारी तरुण गोरी पोरं डेल्टात विचारत फिरू लागली, तेव्हा सांगायला उरले होते ते त्याचे साथीदार.

त्यांतला वजनदार साक्षीदार म्हणजे सन हाउस. १९३० मध्ये पॅटनबरोबरच तो विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला रेकॉर्डिंगला गेला होता. १९६४ मध्ये रोचेस्टर शहरात सापडला आणि पॅटनबद्दल त्याला विचारणारे येऊ लागले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दोस्त ठीक, पण गाण्यात थिल्लर. गिटार पाठीमागं काय धरायची, पायांत काय धरायची, शब्द कसेही जोडायचे! पुस्तकांतूनही हेच आलं, आणि बराच काळ पॅटन म्हणजे गुणी विदूषक, असं चित्र राहिलं.

सन हाउस खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. पण तो तरुणपणी चर्चमध्ये प्रवचनं देत असे, हे विसरू नका. प्रवचनकाराला शब्द स्पष्ट लागतो. पॅटन वाजवायचा तो मजुरांच्या रात्रीच्या नाचाला. माइक नाही, दारू चाललेली, पायांचा धपधपाट. तिथं शब्द नंतर, आधी ताल पोचायला हवा. म्हणून तो गिटारच्या लाकडावर थापा मारतो, पाय आपटतो, तार ओढून सोडतो. काठीच्या राजवाडी होळीला ज्यानं रात्रभर ढोल ऐकलाय त्याला हे मी काय समजावणार? कमरेला भोपळे बांधून नाचणाऱ्या बावाला आपण थिल्लर म्हणत नाही. तो नवस फेडत असतो.

आणि गंमत बघा. हाच सन हाउस १९४२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ॲलन लोमॅक्ससमोर गायला बसला, तेव्हा त्या गाण्यांत एक ‘पोनी ब्लूज’ होतंच. पॅटनला जाऊन आठ वर्षं झाली होती. तोंडी मत काहीही असो, हातातून पॅटन गेला नव्हता.

दुसरा साक्षीदार चेस्टर बर्नेट, म्हणजे हाउलिन वुल्फ. ऐन तारुण्यात पॅटनकडून गिटार शिकलो, हे तो मोकळेपणानं सांगायचा. पण मला त्याची खरी साक्ष स्टेजवर दिसते. तो खरवडणारा आवाज, गुडघ्यांवर रांगणं, अंगभर गाणं! १९५२ ची त्याची ‘सॅडल माय पोनी’ ऐका, घोडा तोच आहे. सन हाउसला जो थिल्लरपणा वाटला, तो वुल्फनं विद्या म्हणून घेतला आणि शिकागोला नेला.

आता जे मला सर्वांत मोलाचं वाटतं ते. १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला. ग्रीनव्हिलच्या बांधावर काळ्या मजुरांना अडकवून ठेवलं, त्यांच्याकडून राबवून घेतलं. १९२९ च्या अखेरीला पॅटननं ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ दोन भागांत रेकॉर्ड केलं. शब्दांत बेफिकीर म्हणवला गेलेला हा माणूस इथं गावं मोजतो: लेलँड, ग्रीनव्हिल, रोझडेल, विक्सबर्ग. पाणी कुठवर आलं ते सांगतो, आणि उंचावरच्या मुलखात जायला आपल्याला मनाई आहे, हेही सांगतो. विदूषकाचं काम आहे का हे?

इथून, तोरणमाळहून, उत्तरेला उतरलं की नर्मदा. सरदार सरोवराच्या बुडितात आपल्या जिल्ह्यातली मणिबेलीसकट ३३ गावं आली. माणसं तळोद्याकडच्या वसाहतींत गेली, तसे ढोलवाले आणि गाणारेही गेले. त्यांतलं कुणी वारलं की आठवणी निघतात त्या मोर्च्याच्या, सत्याग्रहाच्या. निघाव्यातच. पण त्याची थाप कशी होती, होळीला तो कोणता ताल धरायचा, हे कोण सांगतं? आपलं दुःख दुसरेच स्टेजवरून सांगतात, हे वाहरू सोनवणेंनी ‘स्टेज’ कवितेत केव्हाच मांडलंय. वादकाच्या आठवणीही अशाच परक्या तोंडी जातात. तेव्हा मोबाइल घेऊन कुणा म्हाताऱ्याकडं गेलात, तर “तुमचा दोस्त कसा होता?” एवढंच विचारून उठू नका. ढोल पुढं ठेवा आणि म्हणा, “बाबा, तो कसा वाजवायचा ते दाखवा.” चुकेल, थांबेल, पुन्हा सुरू करेल. ते सगळं रेकॉर्ड करा.

बरं, आता ‘हाय वॉटर’चा पहिला भाग लावतो. सगळे शब्द पकडायला जाऊ नका, गावांची नावं तेवढी मोजा.