अँटिगनी आणि सत्याग्रही

सविनय कायदेभंगात कारावास पत्करणाऱ्या केशवराव जेधे यांचे नाव पुण्यात स्वारगेटच्या चौकास दिलेले आहे. त्या लढ्याचा संस्कार झालेला मराठी वाचक सोफोक्लीजच्या अँटिगनीस सहजच सत्याग्रही मानतो. हे साम्य अर्धेच खरे. क्रेऑन राजाची आज्ञा मोडून भावाच्या प्रेतास मूठमाती दिल्याचे ती लपवीत नाही. परंतु प्रतिपक्षाचे हृदयपरिवर्तन तिला अभिप्रेतच नाही. पुढे क्रेऑनचे मन पालटते. वृंदाने मुलीची सुटका प्रथम सांगितली असताही तो आधी प्रेतसंस्कार उरकतो आणि गुहेशी पोहोचतो तो तिने गळफास घेतल्यानंतर. सत्याग्रही शिक्षा भोगीत प्रतीक्षा करतो. अँटिगनीने ती केली नाही. हेगेलने दोन्ही पक्ष सारखेच एकांगी ठरविले. त्या निवाड्यात या विलंबाला आणि या उतावीळपणाला जागाच उरत नाही.