वचन दिलं, पण कोणाला? : आफ्रिकेच्या ‘अजेंडा २०६३’चं एक वाचन

आजचा विषय ‘आफ्रिकेतलं प्रादेशिक सहकार्य : शांतता, अन्न आणि दीर्घकालीन विकास’ असा जाहीर झालेला आहे. आफ्रिकन युनियनचे ५५ सदस्य देश, त्यांचे आठ मान्यताप्राप्त प्रादेशिक समूह, प्रत्येकाचे वेगळे करार. एवढं सगळं तासाभरात मावणार नाही, म्हणून मी विषय थोडा आवळून घेतो. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. मजकूर बारकाईने वाचायचा आणि त्यातल्या शब्दांचा अर्थ काय लागतो ते बघायचं, हेच काम मी केलं. आजही तेच करू. ‘अजेंडा २०६३’ हा आफ्रिकन युनियनने जानेवारी २०१५ मध्ये स्वीकारलेला पन्नास वर्षांचा आराखडा मुख्यतः वाचायचा आणि त्याच्या आजूबाजूचे दोन-चार करार सोबतीला घ्यायचे. प्रश्न एकच ठेवू. या मजकुरात वचनं भरपूर आहेत, पण ती दिली आहेत कोणाला?

टीका करण्याआधी श्रेय दिलं पाहिजे. १९६३ साली अदिस अबाबात आफ्रिकन ऐक्य संघटना स्थापन झाली तेव्हा तिचं मूळ तत्त्व होतं, एकमेकांच्या घरात डोकवायचं नाही. नुकतंच स्वातंत्र्य मिळालेलं, सीमा वसाहतवाल्यांनी पट्टीने आखलेल्या. एकाने दुसऱ्याच्या कारभारात हात घातला असता तर सगळीच घडी विस्कटली असती. पण या तत्त्वाची किंमत १९९४ मध्ये रवांडात कळली. साधारण शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली. त्यानंतर २००० साली लोमे इथे जो घटनात्मक करार झाला, त्याच्या चौथ्या कलमात दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. कोणत्याही सदस्य देशाने दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही. मात्र युद्धगुन्हे, वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे होत असतील तर युनियनला हस्तक्षेपाचा अधिकार आहे. लक्षात घ्या, संयुक्त राष्ट्रांनी अशा जबाबदारीची भाषा मान्य केली ती २००५ मध्ये. म्हणजे आफ्रिकेने पाच वर्षं आधी हे लिहून ठेवलं होतं. ‘आफ्रिकेत नुसती भाषणं होतात’ असं म्हणणाऱ्यांनी हे एक कलम वाचावं.

आता मुख्य मजकुराकडे येऊ. ‘अजेंडा २०६३’मध्ये सात आकांक्षा आहेत. पहिली समृद्धीची, दुसरी एकात्म खंडाची, तिसरी सुशासन आणि मानवी हक्कांची, चौथी शांतता-सुरक्षिततेची, पाचवी सांस्कृतिक ओळखीची, सहावी लोकांच्या, विशेषतः स्त्रिया आणि तरुणांच्या सहभागाची आणि सातवी जगातल्या स्थानाची. वाचायला छान आहे. पण अन्न कुठे आहे? ते पहिल्या आकांक्षेत, शेतीच्या आधुनिकीकरणाबरोबर. बंदूक कुठे आहे? चौथ्या आकांक्षेत. दोन्हींची खाती वेगळी आणि मुदतीही वेगळ्या.

मला पहिली अडचण इथे दिसते. सुदानचं बघा. एप्रिल २०२३ मध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. डिसेंबरमध्ये ते गेझिरात पोहोचलं. गेझिरा म्हणजे निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मधला सिंचनाखालचा प्रचंड टापू, सुदानचं धान्याचं कोठार. ऑगस्ट २०२४ मध्ये दार्फुरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ पडल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. या छावणीतल्या माणसाला जाऊन विचारा, तुझा प्रश्न पहिल्या आकांक्षेतला की चौथ्या? त्याला उत्तर देता येणार नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे.

आणि गंमत अशी, की आफ्रिकेला हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी १९८६ मध्ये एक संघटना काढली, ती दुष्काळ आणि विकास या विषयासाठी. दहा वर्षांत त्यांना कळलं की शेजारी लढत असताना दुष्काळाचं काम होत नाही. १९९६ मध्ये तिची पुनर्रचना झाली, शांततेचं काम तिच्याकडे आलं आणि तीच आजची ‘इगाड’. पुढे तिने संघर्षाची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा उभी केली. तिने सुरुवात कुठून केली? गुराखी जमातींमधल्या गुरांच्या पळवापळवीपासून. चारा, पाणी, गुरं आणि बंदूक हे सगळं एकाच चौकटीत. जमिनीवर जे शहाणपण सापडलं होतं, ते खंडाच्या आराखड्यात येताना पुन्हा सात कप्प्यांत वाटलं गेलं.

दुसरी अडचण क्रियापदांची आहे. सरकारी मराठीत आपण ‘करण्यात येईल’ हा प्रयोग रोज वाचतो. कोण करणार? ते वाक्यात नसतं. ‘अजेंडा २०६३’ बराचसा असाच लिहिलेला आहे. २०२० पर्यंत खंडातल्या बंदुका शांत होतील, असं त्यात म्हटलं आहे. होतील! जणू काही पावसाळा संपला की नदी उतरते, तशा. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२० मध्ये युद्ध पेटलं ते इथिओपियाच्या तिग्राय प्रांतात, म्हणजे आफ्रिकन युनियनचं मुख्यालय ज्या देशात आहे तिथेच. डिसेंबरमध्ये राष्ट्रप्रमुखांची बैठक झाली आणि मुदत २०३० पर्यंत वाढवली गेली. न्याय म्हणून हेही सांगतो, की २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रिटोरियात तिग्रायचा शस्त्रविराम झाला तो युनियनच्याच मध्यस्थीने. काम होऊ शकतं. पण दहा वर्षांची वाढ मागितली कोणी आणि दिली कोणी? त्याच मंडळींनी मागितली आणि त्यांनीच एकमेकांना दिली.

अन्नाचंही तसंच. २००३ मध्ये मापुटोत ठरलं, पाच वर्षांत प्रत्येक देश अंदाजपत्रकाचा किमान दहा टक्के वाटा शेतीला देईल. २०१४ मध्ये मलाबोत तेच पुन्हा ठरलं, शिवाय २०२५ पर्यंत भूक संपवायची. जानेवारी २०२५ मध्ये कंपालात नवा जाहीरनामा आला, आता मुदत २०३५.

इथे मात्र एक गोष्ट मनापासून कौतुकाची आहे. मलाबोच्या वचनांचा दर दोन वर्षांनी आढावा घ्यायचा ठरलं आणि तो खरोखर घेतला गेला, जाहीरही झाला. पहिल्या आढाव्यात ४७ देशांपैकी २० देश वाटेवर होते. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात एकटा रवांडा. चौथ्यात एकही नाही. स्वतःचं नापासाचं प्रगतिपुस्तक स्वतःच छापायला धैर्य लागतं, जगातल्या फार थोड्या संघटना ते दाखवतात. पण मग पुढे काय? नापास झाल्याने कोणाचंच काही अडलं नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे वळतो. घाबरू नका, दोनच मुद्दे. जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवलं की काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, ती बोलणं म्हणजेच एक कृती असते. वचन देणं हे त्याचं ठळक उदाहरण. आता वचनाला दोन टोकं असतात, देणारा आणि घेणारा. घेणाऱ्याला ‘काय झालं त्याचं?’ असं विचारता येत नसेल, तर उरते ती निव्वळ इच्छा. दुसरा मुद्दा ओनोरा ओनील यांचा. भुकेच्या प्रश्नावर १९८०च्या दशकात लिहिताना त्यांनी आग्रह धरला, की नुसत्या हक्कांची यादी करून भागत नाही; कर्तव्य नेमकं कोणाचं, तिथून सुरुवात करा. ज्या हक्काच्या समोर कर्तव्य असलेला माणूस उभा नाही, तो हक्क जाहीरनाम्यापुरता राहतो.

ही कसोटी घेऊन आफ्रिकेतच बघू. नायजरच्या हादिजातू मानी या स्त्रीला लहान वयात गुलाम म्हणून विकलं गेलं होतं. तिने पश्चिम आफ्रिकेच्या ‘इकोवास’ या समूहाच्या न्यायालयात थेट आपल्या देशाविरुद्ध दाद मागितली. २००८ मध्ये न्यायालयाने नायजर सरकारला जबाबदार धरलं आणि भरपाई द्यायला लावली. इथे वचनाला दुसरं टोक मिळालं, आणि ते एका गरीब बाईचं होतं.

त्याच वर्षी दक्षिणेकडच्या समूहाच्या न्यायाधिकरणाने झिम्बाब्वेच्या जमीन-जप्तीविरुद्ध निकाल दिला. दाद मागणारे गोरे शेतकरी होते आणि त्या जमिनींच्या मागे वसाहतवादी अन्यायाचा इतिहास होता, हे विसरून चालणार नाही. निकालावर मतभेद जरूर असावेत. पण राष्ट्रप्रमुखांनी काय केलं? २०१० मध्ये न्यायाधिकरण स्थगित केलं आणि २०१२ मध्ये ठरवलं, की यापुढे तिथे फक्त देश देशाविरुद्ध जाऊ शकेल, व्यक्ती नाही. स्वतःच्या सरकारने अन्याय केला, तर गरीब काळ्या शेतकऱ्यालाही आता ते दार बंद झालं. खंडाच्या मानवी हक्क न्यायालयाचं आसन टांझानियातल्या अरुशा इथे आहे. नागरिकांना तिथे थेट जाऊ देण्याची जी संमती देश देतात, ती रवांडाने २०१६ मध्ये आणि खुद्द टांझानियाने २०१९ मध्ये मागे घेतली. वचन घेणारा बोलायला लागला, की देणारे उठून जातात.

याची किंमत नायजरमध्ये दिसली. जुलै २०२३ मध्ये तिथे लष्करी बंड झालं. इकोवासने सीमा बंद केल्या, व्यवहार गोठवले. नायजेरियाने वीज तोडली, आणि नायजरची बहुतांश वीज तिथूनच येत होती. बेनिनच्या सीमेवर माल घेऊन आलेल्या ट्रकच्या रांगा लागल्या, बाजारात तांदूळ महागला. मानवतावादी मदतीला तरी सूट द्या, अशी विनंती संयुक्त राष्ट्रांना करावी लागली. २०२२ मध्ये मालीवर निर्बंध लावताना याच समूहाने अन्न-औषधांना सूट दिली होती. म्हणजे सूट कशी लिहायची हे त्यांना ठाऊक होतं.

कोणी म्हणेल, बंडाकडे काणाडोळा करायचा का? नाही. २०१७ मध्ये गांबियात निवडणूक हरलेल्या जामेंना याच इकोवासने सैन्याची तयारी दाखवून सत्ता सोडायला लावली आणि ते योग्यच झालं. माझा आक्षेप निर्बंधांना नाही; शांततेच्या खात्याने हुकूम काढताना अन्नाच्या खात्याला विचारलं नाही, याला आहे. जनरल उपाशी राहिले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्बंध बरेचसे उठले, पण तोवर नायजर, माली आणि बुर्किना फासो यांनी समूह सोडत असल्याचं जाहीर करून टाकलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये ते बाहेर पडले. हादिजातू मानी ज्या दारातून आत गेली, ते दार नायजरच्या पुढच्या हादिजातूसाठी पूर्वीसारखं उघडं राहिलेलं नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. २०१६ मध्ये किगालीत ठरलं, की आयातीवर ०.२ टक्के आकार लावून युनियनने स्वतःचा खर्च भागवायचा. सगळ्या देशांनी तो लावलेला नाही आणि कार्यक्रमांचा मोठा भाग अजून बाहेरच्या देणगीदारांवर चालतो. मग हिशेब कोणाला दिला जातो? जो विचारू शकतो त्याला, म्हणजे देणगीदाराला.

‘आपल्याकडे कुठे वेगळं आहे?’ असा प्रश्न तुमच्या मनात असणार. एक खरी तुलना झालेली आहे. ज्यां द्रेझ यांनी १९७२-७३ च्या महाराष्ट्राची त्याच काळातल्या साहेलशी तुलना केली. दरडोई धान्य महाराष्ट्रात साहेलमधल्या बहुतेक देशांपेक्षाही कमी पिकलं होतं, तरी इथे मोठा भूकबळी टळला. मे १९७३ च्या सुमाराला जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणारी माणसं मोर्चे काढत होती, विधानसभेत प्रश्न विचारले जात होते. पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात ‘मागेल त्याला काम’ आलं आणि काम दिलं नाही तर भत्ता. तो भत्ता किती जणांच्या हाती पडला, हा वेगळा आणि फारसा सुखद नसलेला विषय आहे. पण वाक्याची रचना बघा. त्यात मागणारा आहे.

तेव्हा कंपालाचा जाहीरनामा किंवा यापुढचा कोणताही असा मजकूर हातात आला, तर तीन गोष्टी शोधा. वाक्याला कर्ता आहे का. मुदत हुकली तर ती वाढवण्याआधी कोणाला उत्तर द्यावं लागेल. आणि ज्याच्या भुकेबद्दल किंवा जिवाबद्दल हे लिहिलं आहे, त्याला जाब विचारायला एखादं तरी दार आहे का. आफ्रिकेने अशी दारं बांधून दाखवली आहेत, ती तिच्याच नेत्यांनी लावून घेतली. ती परत उघडणं हे नवी आकांक्षा लिहिण्यापेक्षा अवघड आहे, पण माझ्या मते २०६३ ची वाट तिथूनच जाते.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.