स्टिंग रेचं नाक का उचलायचं?

शेव्हरोले कॉर्व्हेटबद्दल लिहिणारे 1963च्या स्टिंग रेपाशी आले की हळवे होतात. गाडी देखणी आहेच, पण हवेला ती तितकीशी मानवली नाही.

तिची बाजूची आकृती बघा. तळ बराचसा सपाट, वर फुगीर पाठ. म्हणजे जवळजवळ विमानाचा पंखच की! वरून जाणारी हवा वेग घेते, तिथला दाब कमी होतो. शिवाय टोकदार नाकाखाली हवा शिरते. परिणाम एकच, पुढची बाजू वर उचलली जाते. हा उचल-बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, तर बल चौपट. गावात काहीच जाणवत नाही, शर्यतीत मात्र पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग भरवशाचं राहत नाही.

म्हणून मला त्या गाडीतलं भांडण जास्त रंजक वाटतं. डिझाइनप्रमुख बिल मिचेलला छतावरून शेपटीपर्यंत सलग कणा हवा होता, त्यासाठी मागची काच दुभंगली. अभियंता झोरा आर्कस-डंटोव्ह म्हणत होता की मागचं दिसत नाही. 1964मध्ये काच एकसंध झाली, बॉनेटवरच्या खोट्या जाळ्याही गेल्या. आज संग्राहक जास्त पैसे मोजतात ते दुभंगलेल्या काचेलाच!

उलट 1997ची पाचवी पिढी. तिच्या रुंद, उंच पार्श्वभागाला लोक नावं ठेवतात. पण हवा तिथून नीट सुटते आणि डिकीही मोठी मिळते. तिचा ओढ-गुणांक साधारण 0.29, चौथ्या पिढीचा 0.34 होता. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक कॉर्व्हेट हीच. तिचा फोटो मात्र कोणी भिंतीवर लावत नाही, मीपण नाही.

डंटोव्हला इंजिन चालकाच्या मागे हवं होतं. तशी प्रायोगिक गाडी त्याने 1960मध्येच बनवली, पण दुकानात विकायची कॉर्व्हेट तशी झाली 2020च्या मॉडेलला. तो 1996मध्येच गेला होता. आता मागच्या चाकांवर वजन आलं, पकड वाढली. शेपटी मात्र जाडजूड, कारण इंजिनामागच्या डिकीत गोल्फच्या दोन पिशव्या मावायला हव्यात. हवेचं गणित जमवता येतं हो, गिऱ्हाइकाच्या सामानाचं काय करणार?