राउटरवरचे दोन मीटर : एक परीक्षण

शाळेचे विजेचे बिल वाढले की आपण मीटर पाहतो. पण केवळ मीटरच्या आकड्यावरून कोणत्या वर्गातला पंखा चालू राहिला, हे आपण ठरवत नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटतो, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या परिचयाच्या एका शाळेत महिन्याचा ठरलेला डेटा विसाव्या तारखेलाच संपू लागला. राउटरवर मोजणीची सोय केली. तक्त्यात एकाच यंत्रापुढे निम्म्याहून अधिक वापर दिसला. ते यंत्र संगणक कक्षातले. कक्ष सांभाळणाऱ्या तरुण शिक्षकांवर ठपका आला, की हे रात्री थांबून चित्रपट उतरवून घेतात. प्रत्यक्षात ते ‘यंत्र’ म्हणजे कक्षातला दुसरा राउटर होता. त्याच्यामागे वीस संगणक होते आणि प्रत्येक जण आपली नवी सुधारित सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे उतरवून घेत होता. आकडा खरा होता, त्याचे वाचन चुकले होते. म्हणून मोजणीच्या दोन प्रचलित आज्ञावल्यांचे परीक्षण करणे आम्हाला गरजेचे वाटते.

दोन्ही आज्ञावल्या ‘ओपनडब्ल्यूआरटी’ या लिनक्सवर आधारित प्रणालीत चालतात. लिंकसिस कंपनीच्या एका छोट्या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे 2003 मध्ये उघड झाले, परवान्याच्या अटीमुळे कंपनीला त्याची मूळ संहिता खुली करावी लागली आणि त्यातून 2004 मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. कोणीही पारखून पाहावे असे हे मोकळे काम आहे, म्हणूनच ते शाळांच्या उपयोगाचे आहे.

पहिली आज्ञावली ‘व्हीएनस्टॅट’. टेमू तोइवोला यांनी ती 2002 पासून जोपासली आहे. ती कोणाचीही माहिती उघडून पाहत नाही. लिनक्स स्वतःच प्रत्येक जोडणीवरून किती बाइट आले आणि गेले याची मोजदाद ठेवते. व्हीएनस्टॅट ती ठरावीक वेळाने वाचते, मागच्या वाचनाशी वजाबाकी करते आणि तासांचे, दिवसांचे, महिन्यांचे तक्ते बनवते. त्यामुळे अशक्त राउटरवरही तिचा भार पडत नाही.

ही वजाबाकी दिसते तितकी सोपी नाही. जुन्या 32 बिटी राउटरांवर मोजणीचा आकडा 4,29,49,67,296 बाइटांना पुन्हा शून्यावर येतो, जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्यासारखा. सेकंदाला 100 मेगाबिट वेगाने हे अवघ्या 344 सेकंदांत घडते. (बाइटचे बिट करण्यासाठी 8 ने गुणावे, वर्गात करून घेण्यासारखे गणित आहे.) वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला तरी आकडा शून्यच होतो. काटा फिरला की वीज गेली? हे ओळखण्यासाठी व्हीएनस्टॅट यंत्र सुरू झाल्याची वेळही तपासते. अशी काळजी आम्हाला फार मोलाची वाटते.

तिचा दोष तिच्या निवासस्थानात आहे. ओपनडब्ल्यूआरटीत तिची नोंदवही मुळात तात्पुरत्या स्मृतीत राहते. जागा बदलली नाही किंवा प्रत ठेवली नाही, तर वीज जाताच महिन्याचा हिशेब पुसला जातो. भारनियमन असलेल्या गावात हा दोष लहान नाही.

दुसरी आज्ञावली ‘एनएलबीडब्ल्यूमॉन’, यो-फिलिप विश यांची. राउटरमधून जाणाऱ्या प्रत्येक संभाषणाची लिनक्सकडे जी नोंद असते, तिच्यावरून ही यंत्रागणिक वापर मांडते. एकूण आकड्यापेक्षा हे अर्थातच उपयुक्त आहे. पण आमची तक्रार इथेच आहे. तक्त्यात पत्त्याशेजारी नाव छापले की वाचणाऱ्याला तो माणूसच वाटतो. दुसऱ्या राउटरमागची वीस यंत्रे एका ओळीत येतात. उलट, 2019-20 पासूनचे फोन दर वायफायला वेगळा, बनावट पत्ता सांगू शकतात, त्यामुळे दोन वायफायवर फिरणारा एकच फोन दोन ओळींत दिसतो. वेग वाढवण्यासाठी काही राउटर माहिती थेट चिपमधून पुढे ढकलतात, तेव्हा मोजणीच कमी भरू शकते. यांपैकी कशाचाही इशारा तक्ता देत नाही. शिवाय तो साऱ्या कालावधीची बेरीज देतो. ‘कोणत्या पत्त्याने’ हे कळते, ‘केव्हा’ हे कळत नाही.

त्या शाळेत ‘केव्हा’चे उत्तर पहिल्या मीटरकडे होते. व्हीएनस्टॅटचा ताशी तक्ता उघडला, तेव्हा वापराचा डोंगर सकाळी संगणक सुरू होण्याच्या तासाला दिसला. रात्री जवळजवळ शून्य. शिक्षक निर्दोष ठरले, पण तोवर दोन आठवडे ते मान खाली घालून वावरले होते.

तेव्हा मीटर बसवणाऱ्यांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. इतर यंत्रे बंद ठेवून 100 मेगाबाइटची एक फाइल उतरवा आणि मीटर पाहा. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर पत्त्याचे बाइटही येतात, म्हणून आकडा सुमारे 4 टक्के जास्त भरायला हवा. पण व्हीएनस्टॅट 10,48,576 बाइटांचे एकक धरते, त्यामुळे तिथे सुमारे 99 दिसतील. हा फरक विद्यार्थ्यांनी स्वतः उलगडला, तर आकडा आणि त्याचा अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे त्यांना कायमचे कळेल.

आमचे मत विचाराल तर पहिला मीटर कमी सांगतो, पण जेवढे सांगतो तेवढ्यापुरता भरवशाचा आहे. दुसरा जास्त सांगतो, म्हणून त्याला उलटतपासणी हवी. शाळेत दोन्ही असावेत. मात्र तक्त्यातील ओळ पाहून कोणाला बोलावण्याआधी, त्या ओळीमागे किती यंत्रे आहेत हे संगणक कक्षात जाऊन मोजावे.